आधी पेटी उघडा, मग एनलार्जर घ्या

परवा एका ब्लॉगमित्राने विचारलं, "फिल्मवर फोटो काढतोय, आता प्रिंटही घरीच करायचेत. पहिला एनलार्जर कोणता घेऊ?" जाणकारांनी त्याला दिलेला सल्लाही त्याने सांगितला : "नवशिका आहेस, छोटा ३५ मिमीचा घे. स्वस्त पडेल, जागा कमी लागेल. हात बसला की मोठा घे."

मंडळी, हा सल्ला मला साफ नामंजूर आहे. कारण मी तो ऐकला होता.

जऊळक्याच्या आमच्या घरी माळ्यावर बाबांची पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एक निगेटिव्ह आहे : आबा, आजी आणि आत्या जऊळका स्टेशनवर गाडीची वाट बघताहेत. तेव्हा अकोला-पूर्णा लाइन मीटरगेज होती (ब्रॉडगेज २००८ साली झाली) आणि आमचं गाव अकोला जिल्ह्यात होतं (वाशीम जिल्हा झाला १९९८ मध्ये). आजीचा घरात हा एवढाच फोटो. त्याचा प्रिंट वाळवीने कधीच खाल्ला. आत्या दर दिवाळीला म्हणायची, "तेवढा एक फोटो काढून दे रे बाबा, डोळे आहेत तोवर."

मी हौसेने ३५ मिमीचा एनलार्जर आणला. न्हाणीच्या खिडकीला काळं कापड ठोकलं, लाल दिवा लावला आणि निगेटिव्ह कॅरियरमध्ये ठेवलं. कॅरियरची खिडकी २४ बाय ३६ मिमी. निगेटिव्ह ५६ मिमीचं चौकोनी. आबा आत घेतले की आजी कापली जायची, आजी घेतली की आत्या बाहेर! खिडकी कानशीने मोठी करूनही भागत नाही. आतल्या कंडेन्सरचा उजेड आणि ५० मिमीची लेन्स त्या निगेटिव्हच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतच नाहीत.

तर मुद्दा असा, की पहिला एनलार्जर कॅटलॉग बघून निवडायचा नसतो. घरातली निगेटिव्हं बघून निवडायचा असतो. आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत काय निघतं? आग्फा क्लिक थ्रीने काढलेली १२० फिल्मची चौकोनी निगेटिव्हं. स्टुडिओवाल्याच्या याशिका मॅटची, तीही तशीच चौकोनी. होमाई व्यारावालांच्या हातात असायचा तो रोलायफ्लेक्सही सहा बाय सहाचाच. सहा बाय सहाच्या एनलार्जरवर ३५ मिमी आरामात होतं. उलटं होत नाही. 'हात बसला की मोठा' म्हणणारे हे सांगत नाहीत, की तोवर आत्या थांबणार आहे का?

जागेचं म्हणाल तर मान्य, मोठा एनलार्जर थोडी जास्त जागा घेतो. पण न्हाणीत छोटा मावतो तिथे ड्युर्स्ट एम ६०५ किंवा मेओप्टा ओपेमसही मावतो.

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे. त्यांना पहिल्याच दिवशी कलर हेड हवं. कशाला? मल्टिग्रेड कागदाचे फिल्टर लेन्सखाली धरले तरी कॉन्ट्रास्ट बदलतो. तेच पैसे लेन्सवर घाला. ३५ मिमीला ५० ची, सहा बाय सहाला ७५ किंवा ८० ची, आणि शक्यतो सहा काचांची. एल-निक्कोर २.८ किंवा कोंपोनॉन-एस मिळाली तर सोडू नका. लेन्स सुमार असेल तर वरचं महागडं यंत्र काय कामाचं?

उरलेल्या पैशांत स्टॅबिलायझर घ्या. शहरातले सल्लागार हे कधीच सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे संध्याकाळी शेजारची मोटर सुरू झाली की बल्ब मंदावत नाही. व्होल्टेज पडलं की उजेड कमी होतो आणि पिवळाही होतो. मग काळजीने काढलेल्या टेस्ट स्ट्रिपचा उपयोग शून्य.

सेकंडहँड घेताना एवढं बघाच. डोकं वर नेऊन खांब हलवा, थरथर लगेच थांबली पाहिजे. लेन्स टॉर्चसमोर धरा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. अंधारात बल्ब लावून भात्याला भोकं आहेत का बघा. चारही कोपरे एकदम फोकस होतात का तेही तपासा. आणि कॅरियर सोबतच मागून घ्या, नंतर तो शोधताना जीव जातो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, स्कॅन कर! स्कॅनरशी माझं भांडण नाही, मीही स्कॅन करून ठेवलेत. पण आबांचा नीट धुतलेला लग्नाचा फोटो अजून भिंतीवर आहे, आणि माझी पहिली हार्ड डिस्क पाच वर्षांत गेली.

असो. शेवटी एका बंद पडलेल्या स्टुडिओतून ओपेमस मिळाला. मे महिन्यात आपल्याकडे डेव्हलपर २० अंशांवर ठेवणं म्हणजे बर्फाशी कुस्ती, म्हणून डिसेंबरच्या रात्री बसलो. तिसऱ्या कागदावर तिघंही उमटले, पूर्ण.

आत्याने प्रिंट डोळ्यांजवळ नेला. आजीच्या चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "ही आईच्या हातातली पिशवी मी शिवली होती."

ती पिशवी फोटोच्या अगदी कडेला आहे. ३५ मिमीच्या खिडकीत ती कधीच आली नसती.