आठ जणांचं आयर्लंड, खिशाला परवडणारं

युरोपची सहल म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पॅरिस आणि स्वित्झर्लंड येतं. पण तुमच्या ग्रुपला हिरवी कुरणं, समुद्राचे उंच कडे आणि निवांतपणा हवा असेल तर आयर्लंडचा विचार करा. या देशाशी आपलं एक नातंही आहे. तिथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवणजवळच्या वराड गावचे.

आयर्लंड स्वस्त देश नाही. पण नीट आखणी केली आणि खर्च वाटून घेतला, तर ही सहल आवाक्यात येऊ शकते.

आधी पैशांचं बोला

नातेवाईक किंवा मैत्रिणींच्या सहलीत कटुता येते ती बहुधा पैशांवरूनच. म्हणून ज्या कुटुंबाचं बजेट सर्वात कमी, त्याला धरून सहल आखा. ज्यांना जास्त खर्च करायचा आहे, त्यांनी तो स्वतंत्रपणे करावा. राहणं, गाडी आणि किराणा यांसाठी एकच सामायिक पाकीट ठेवा. खरेदी आणि बाहेरचं खाणं ज्याचं त्याने पाहावं. कोणी ऐनवेळी गळलं तर त्याच्या वाट्याचं काय, हेही आधीच ठरवा.

व्हिसाची गफलत टाळा

आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही. ग्रुप एक असला तरी अर्ज प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. एकाचा जरी व्हिसा नाकारला गेला तरी सगळ्यांचा बेत कोलमडू शकतो. हॉटेलही रद्द करता येईल असंच घ्या.

जायंट्स कॉजवेचे प्रसिद्ध दगडी खांब उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहेत. सीमेवर कोणी अडवत नाही म्हणून विनापरवाना जाऊ नका. तिथे जायचं असेल तर तुमचा व्हिसा ब्रिटनसाठीही चालतो का, हे आधी तपासा.

कधी जावं, कुठे राहावं

जुलै-ऑगस्टमध्ये दर चढलेले असतात. मे किंवा सप्टेंबर बरा. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेच्या आसपास डब्लिन टाळा. जून-जुलैमध्येच जमत असेल तर सुट्टीत रिकाम्या होणाऱ्या विद्यापीठांच्या वसतिगृहांतल्या खोल्या शोधा. रोज हॉटेल बदलण्यापेक्षा डब्लिन आणि गॉलवे अशा दोनच ठिकाणी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या.

फिरायचं कसं

डब्लिनमध्ये गाडी घेऊ नका. लीप कार्डने बस, ट्राम आणि लोकल स्वस्त पडते. शहराबाहेर मात्र चालकासह नऊ आसनांची गाडी आठ जणांच्या ग्रुपला सोयीची. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. गाडी भाड्याने देणाऱ्यांची चालकासाठी वयोमर्यादा असते, ती आधी विचारून घ्या.

फुकटातला खजिना

डब्लिनचं राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय कलादालन आणि जुन्या हस्तलिखितांचं चेस्टर बीटी संग्रहालय पाहायला प्रवेशशुल्क नाही. लोकलने हाउथला गेलात तर समुद्रकड्यावरची पायवाट मोफत. ग्लेंडालॉकच्या तळ्यांकाठी ज्येष्ठांनाही सावकाश फिरता येतं. पैसे खर्च करायचेच तर न्यूग्रेंजवर करा. सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची ही समाधी गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुनी आहे. २१४ मीटर उंचीपर्यंत जाणाऱ्या मोहरच्या कड्यांचं तिकीट ऑनलाइन आणि गर्दी नसलेल्या वेळेचं घ्या, ते स्वस्त पडतं.

डब्यात काय न्यावं

भाजणी, पोहे, मेतकूट, चटण्या बांधून घ्या. पण तूप, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ते विमानतळावर काढून घेतले जातात. बटाटे, कांदे, दूध, ब्रेड तिथल्या सुपरमार्केटमध्ये मिळतं आणि नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं. सकाळी घरी पोटभर नाश्ता आणि दुपारसाठी सोबत डबा, एवढं केलं तरी रोजचे बरेच युरो वाचतात.

छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट घ्या, कारण वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. आणि दर दोन दिवसांनी एक दुपार मोकळी ठेवा. दमलेल्या माणसांची भांडणं लवकर होतात, आणि त्या दुपारी आजी-आजोबा व मुलं बागेत बसली तर त्याला एक युरोही लागत नाही.