हॅरिएटचा दावा कुठे गेला?

अमेरिकेतला ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम स्वातंत्र्य मागायला कोर्टात गेला आणि हरला, एवढंच आपल्याला सांगतात. खोटं नाही, पण अर्धंच आहे. ६ एप्रिल १८४६ ला सेंट लुईसच्या कोर्टात दोन अर्ज होते. एक ड्रेडचा, दुसरा त्याच्या बायकोचा, हॅरिएटचा. जिथे गुलामीला बंदी आहे तिथे आम्हाला ठेवलं होतं, म्हणून आम्ही मुक्त, असं दोघांचं म्हणणं. सहीच्या जागी दोघांचीही फुली.

त्या कायद्यात मूल आईच्या मागे जायचं. आई गुलाम तर लेकरू गुलाम. म्हणजे एलायझा आणि लिझी या मुलींची सुटका बापाच्या नव्हे, हॅरिएटच्या दाव्यावर टांगलेली. तरी १८५० मध्ये ठरलं, ड्रेडचा निकाल लागेल तोच तिचा! त्याच वर्षी ज्युरीने दिलेली मुक्ती १८५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने काढून घेतली. १८५७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, काळा माणूस नागरिकच नाही. पुढे तीन महिन्यांच्या आतच नव्या मालकाने कुटुंबाला सोडलं, पण ती मेहेरबानी झाली, हक्क नव्हे. ड्रेड १८५८ मध्ये गेला. लोकांचे कपडे धुणारी हॅरिएट १८७६ पर्यंत जगली. खटल्याच्या नावात ती नाही.

मैत्रिणींनो, हे फार लांबचं वाटतं का? सालदाराने साल धरलं की त्याच्या बायकोने मालकाचं शेणपाणी करायचं, हे धरलेलंच. तिचा हिशेब कुठल्या वहीत? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, तेव्हा मुकादमाशी बोलणी कोण करतं? ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’, उचलही एकच.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात कर्जापायी घरच्या माणसांनी केलेली वेठही येते. कर्ज वेठीचं नाही, हे सिद्ध करणं सावकाराच्या माथी आहे. २०१६ च्या केंद्रीय योजनेत सुटलेल्या पुरुषाला १ लाख, बाईला २ लाख रुपये आहेत. पण मुक्तीच्या दाखल्यावर तिचं नाव नसेल तर?

आपलेच कार्यकर्ते म्हणतात, कुटुंब एक, अर्ज एक, काम लवकर होतं. लवकर कोणाचं होतं? जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज नेताना बाईचा वेगळा न्या. तिने काय काम केलं, किती महिने, कोणाच्या घरी, हे तिच्या तोंडून लिहून घ्या आणि अंगठा तिचाच घ्या.