विश्लेषण : ब्रिटनमधली 'चॅव' ही शिवी आणि आपला 'छावा' सख्खे चुलत?

ट्रॅकसूट, बेसबॉल कॅप, गळ्यात सोनेरी चेन आणि बसस्टॉपवर टोळक्याने उभं राहणं. अशा तरुणाला इंग्लंडमध्ये हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द म्हणजे 'चॅव'. ऑक्सफर्डने 2004 साली तो 'वर्षाचा शब्द' ठरवला होता. आजही रील्स आणि मीम्समध्ये तो सर्रास दिसतो.

शब्द आला कुठून?

'कौन्सिल हाऊस्ड अँड व्हायलंट', म्हणजे सरकारी घरात राहणारा गुंड, याचं हे लघुरूप असल्याचं बरेच जण ठासून सांगतात. ते खोटं आहे. शब्द आधीचा, फुलफॉर्म नंतर चिकटवलेला. केंट परगण्यातल्या चॅटम गावावरून तो आला, हीसुद्धा अशीच दंतकथा.

बहुतेक भाषातज्ज्ञ बोट दाखवतात ते रोमानी भाषेकडे. 'छावो' म्हणजे मुलगा. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. इंग्लंडमध्ये 1530 साली त्यांना हाकलण्यासाठी कायदाच झाला. तिथल्यांना ते इजिप्तचे वाटले म्हणून कायद्याचं नाव 'इजिप्शियन्स अ‍ॅक्ट'! 'छावो'चं मूळ प्राकृत 'छाव' आणि संस्कृत 'शाव', म्हणजे पिल्लू. मराठीतला 'छावा' याच कुळातला. मात्र 'चॅव' मराठीतून गेला, असं म्हणणं चूक. एकाच मुळाच्या या दोन फांद्या. एकीकडे संभाजी महाराजांचं बिरुद, दुसरीकडे शिवी.

इतर भागांत काय म्हणतात?

न्यूकॅसलकडे 'चार्व्हर', लिव्हरपूलला 'स्कॅली' (स्कॅलीवॅग, म्हणजे वांड, याचं छोटं रूप). ग्लासगोत 'नेड'. त्यालाही 'नॉन-एज्युकेटेड डेलिन्क्वेंट' असा बनावट फुलफॉर्म आहेच. लंडनचा 'रोडमन' वेगळा, त्याच्या बोलीवर जमैकन वळणाची छाप आहे.

मग वाद कशाचा?

या शब्दांचा रोख वयापेक्षा गरिबीवर जास्त असतो. खासगी शाळेतल्या उनाड मुलाला कुणी 'चॅव' म्हणत नाही. खाणी आणि कारखाने बंद पडल्यावर कामगार वस्त्यांची टिंगल करायला हा शब्द सोयीचा ठरला, अशी मांडणी ओवेन जोन्स यांनी 2011 मधल्या 'चॅव्ज' या पुस्तकात केली. वंशावरून शिवी दिली तर तिथे गदारोळ होतो. वर्गावरून दिलेली विनोद म्हणून खपते. शिवाय ज्या रोमांच्या भाषेतून शब्द उचलला, त्यांची मुलं ब्रिटनच्या शाळांमध्ये आजही टोमणे ऐकतात.