भाषा कामातून येते



मध्यंतरी एक माउली नववीतल्या मुलाला घेऊन सरकारी कचेरीत गेली. अर्ज कन्नडमध्ये होता. मुलाला कन्नड विषयात उत्तम गुण. तरी कारकुनाने दोन प्रश्न विचारताच तो खाली मान घालून उभा राहिला. "फादर, इतकी वर्षे हा शिकला तरी काय?" असे तिने मला विचारले.

तिचा प्रश्न रास्त आहे. आपल्या बेळगाव-निपाणी भागात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि पुढील शिक्षणास इंग्रजी, अशी तीन भाषांशी मुलांची गाठ असते. ती शब्दार्थ पाठ करतात, रूपे चालवितात. परंतु त्या भाषेत एखादे काम उरकण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येतो.

ह्या अडचणीवर दक्षिण भारतात एक मोलाचा प्रयोग झाला. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमधील एन. एस. प्रभू ह्यांनी १९७९ ते १९८४ ह्या काळात काही सामान्य शाळांतून इंग्रजी शिकविण्याची निराळी रीत चालवून पाहिली. 'बंगळूर प्रकल्प' म्हणून ती जगात ओळखली जाते. तीत व्याकरणाचे क्रमवार पाठ नव्हते. शिक्षक आगगाडीचे वेळापत्रक किंवा नकाशा पुढे ठेवीत, त्यावरील एक प्रश्न साऱ्या वर्गासह सोडवीत आणि तसाच दुसरा प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे सोडवावयास देत. बोलण्याची सक्ती नसे. आधी समजावे, मग बोलावे. मन अर्थात गुंतले, म्हणजे भाषेची रूपे नकळत अंगवळणी पडतात, हे त्यांचे तत्त्व १९८७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. व्याकरण टाकाऊ आहे, असा मात्र ह्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

पालकहो, ह्यासाठी खर्च लागत नाही. बसस्थानकावरील कन्नड फलक वाचून चिकोडीची गाडी मुलालाच शोधू द्या. बाजारात कन्नड बोलणाऱ्या विक्रेत्याशी भाव त्यालाच ठरवू द्या व हिशेबही त्यालाच करू द्या. चुकला तर हसू नका. काम झाले की नाही, एवढेच पाहा. शेजाऱ्याची भाषा आल्याने आपली मराठी उणी होत नाही.

त्या माउलीला मी इतकेच सांगितले: "पुढचा अर्ज आधी घरी आणा. मुलाने तो वाचून तुम्हांला मराठीत समजावून सांगावा, मग कचेरीत त्यानेच बोलावे. तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा."