आभासी पतपेढी आणि यवतमाळचा सातबारा

ऑनलाइन खेळांतील पैशाच्या उलाढालीला लगाम घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला. त्यावरील चर्चा रमी आणि फॅन्टसी क्रिकेटभोवतीच फिरत राहिली. कायद्याच्या व्याख्येत मात्र एक महत्त्वाची गोष्ट आहे. पैसे मोजून मिळवलेली नाणी, टोकन किंवा तत्सम वस्तू यांनाही त्यात पणाचे मोल दिले आहे. खेळातील नाणे म्हणजे निव्वळ पोरखेळ नव्हे, हे त्यातून मान्य झाले. मग या नाण्यांत दिलेली कर्जे आणि विकलेले शेअर यांचे काय, हा प्रश्न ओघानेच येतो.

हा प्रश्न काल्पनिक नाही. आइसलँडमधील कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या २००३ पासून चालू असलेल्या खेळात खेळाडू आपापल्या कंपन्या काढतात, भांडवलासाठी शेअर आणि रोखे विक्रीस ठेवतात, तारण घेऊन कर्ज देतात. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात तर शेअर बाजार आणि बँकाही उभ्या राहिल्या. तेथील चलन डॉलरमध्ये बदलून मिळत असल्याने हा व्यवहार खऱ्या पैशाचाच होता. तेथील गिंको ही बँक ठेवींवर वर्षाला ४० टक्क्यांहून अधिक व्याज देत असे. २००७ च्या जुलैमध्ये त्या जगात जुगारावर बंदी आली, ठेवीदार धास्तावले आणि ऑगस्टमध्ये बँक कोसळली. सुमारे साडेसात लाख डॉलर किमतीच्या ठेवी अडकल्या. ठेवीदारांच्या हाती रोखे ठेवण्यात आले, पण त्यांना बाजारात भाव उरला नव्हता.

‘ईव्ह’मध्ये २००९ साली याहून बोलका प्रकार घडला. खेळाडूंच्या एका बँकेच्या प्रमुखानेच सुमारे २०० अब्ज नाणी काढून घेतली आणि ती खऱ्या पैशांना विकली. कंपनीने त्याला खेळातून काढले, पण कारण वेगळे होते. खेळातील फसवणूक नियमांना धरूनच होती. नाणी बाहेर विकणे हा गुन्हा ठरला! ठेवीदारांना दाद मागायला जागाच नव्हती.

करार पाळायला लावणारे कोणीच नसेल तर काय होते, हे या उदाहरणांत दिसते. करार पाळायला लावण्याची ताकद एकाच पक्षाच्या हाती एकवटली तर काय होते, हे मात्र यवतमाळ जिल्ह्याला विचारावे. पेरणीच्या तोंडावर बियाणे-खतासाठी पैसा लागतो आणि कापूस घरात येतो तो दिवाळीच्या सुमारास. बँकेचे दार बंद झाले की सावकाराचे दार उघडे असते. तेथे कर्जाचा कागद अनेकदा कर्जाचा नसतोच. तो शेतीचे खरेदीखत असतो. पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी राहते, सातबाऱ्यावर नाव मात्र बदलते. आभासी बँकेत धनको बुडाला, येथे ऋणको. दोन्हीकडे खरा करार कागदावर नव्हता, हे साम्य डोळ्याआड करता येत नाही.

शासनाची मदतही अशा करारांपर्यंत पोहोचली नाही. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातील व्याजमाफी आणि २००८ ची कर्जमाफी बँका व सहकारी सोसायट्यांच्या कर्जापुरती होती. राज्याने २०१५ मध्ये सावकारी कर्जाला हात घातला, तोही परवानाधारक सावकारांपुरताच. नोंद नसलेले कर्ज माफीच्या यादीतही येत नाही.

या अनुभवातून आलेला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ म्हणूनच मोलाचा आहे. १९४६ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद, मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई आणि सावकारीत गेलेली १५ वर्षांच्या आतील जमीन जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मिळवण्याची वाट, अशा त्याच्या तरतुदी आहेत. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा व्यवहार मुळात काय होता, हे पाहण्याचा अधिकार या कायद्याने दिला. खरेदीखताच्या आडचे कर्ज ओळखता येते ते त्यामुळे.

करार विश्वासाने नव्हे, व्यवस्थेने कसा पाळला जातो, याचेही उदाहरण कापसातच आहे. कापसाच्या वायदेबाजारात दोन अनोळखी माणसे सौदा करतात. दोघांकडून आधी मार्जिन घेतले जाते, सौदा पुरा होण्याची हमी क्लिअरिंग संस्था देते आणि २०१५ पासून त्यावर सेबीची देखरेख आहे. परंतु एका सौद्याला शंभरावर क्विंटल कापूस लागत असेल, तर कोरडवाहू शेतकऱ्याला त्या सुरक्षित दारातून आत जाता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

‘सेकंड लाइफ’च्या चालकांनी गिंको बुडाल्यानंतर २००८ च्या जानेवारीत सरकारी नोंदणी नसलेल्या बँकांना व्याज देण्यास मनाई केली. नोंदणीशिवाय धंदा नाही, हे आपल्याकडील सावकारी कायद्याचे सूत्र आभासी जगाला पाच वर्षांत ठेच लागून कळले. आता आपल्या नव्या कायद्याची कसोटी पुढेच आहे. डाव लावणाऱ्यांवर बंदी घालणे तुलनेने सोपे. खेळाच्या आत कर्ज देणारा कोण, हिशेब कोठे आणि तक्रार कोणाकडे, ही उत्तरे मिळवणे अवघड आहे. ती आधी मिळाली नाहीत तर काय मोजावे लागते, याची नोंद यवतमाळच्या सातबाऱ्यांवर आहे.