‘मिस्टर’ कोणाला म्हणायचे?

११ जुलै २०१६. गुजरातमध्ये मेलेल्या गाईचे कातडे सोडवणाऱ्या दलित तरुणांना तथाकथित गोरक्षकांनी पकडले. त्यांतल्या चौघांना उना गावात आणले, कमरेच्या वरचे कपडे उतरवले, गाडीला बांधले आणि भररस्त्यात मारले. त्याचा व्हिडिओ देशभर पसरला.

१९ जुलै २०१६. इंग्लंडमधल्या साउथपोर्टला हैदराबादचा रोहित खंडेलवाल ‘मिस्टर वर्ल्ड’ झाला. हा किताब मिळवणारा पहिला आशियाई म्हणून वाहिन्यांनी त्याचे कौतुक केले.

दोन्हीकडे तरुण पुरुषांची उघडी शरीरे. दोन्हीकडे कॅमेरा. त्या जिंकलेल्या मुलाशी आमचे भांडण नाही. एका शरीराला देशाचा अभिमान आणि दुसऱ्याला शिक्षेची जागा मानणाऱ्या नजरेशी आमचे भांडण आहे.

काही पुरोगामी मित्र म्हणतात, पूर्वी बाईलाच रॅम्पवर मोजत, आता पुरुषालाही मोजतात, म्हणजे समता आली. आम्हाला हे मान्य नाही. बाईच्या शेजारी पुरुष उभा केल्याने तिचा अपमान कमी होत नाही. फक्त बाजाराला दुसरे गिऱ्हाईक मिळते. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली. २००५ मध्ये खास पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आली. समता आली नाही, दुसरी ट्यूब आली!

दुसरा युक्तिवाद आपल्याच पोरांचा: “तिथे जात कोण विचारतो? आपणही उतरू.” खरे आहे, विचारत नाहीत. विचारायची गरजच पडत नाही. जिमची फी, महागडा खुराक, काम न करता शरीर घडवण्याइतका वेळ, प्रश्नोत्तरांच्या फेरीत घडाघडा इंग्रजी. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. चाळणी मंचावर लागत नाही, ती घरातच लागून गेलेली असते. हमाली करणाऱ्या, गटारात उतरणाऱ्या पोराचेही शरीर पिळदार असते. त्याला कोणी ‘फिटनेस’ म्हणत नाही.

देखणेपणाचा आणि जातीचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडत नाही. तो मनुस्मृतीनेच जोडला आहे. दहाव्या अध्यायातला ५२ वा श्लोक चांडाळांना काय नेमून देतो? मेलेल्यांची वस्त्रे, फुटकी भांडी, लोखंडाचे दागिने. म्हणजे नीटनेटके दिसण्यावरच बंदी. म्हणून बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या आयाबायांना सांगितले, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने टाका. त्यांचा स्वतःचा सूट हीदेखील हौस नव्हती, तो त्या श्लोकाला दिलेला जवाब होता.

ती बंदी अजून उठलेली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या लिंबोदरा गावात मिशा ठेवल्या म्हणून दलित तरुणाला मारहाण झाली. त्यावर गुजरातच्या दलित तरुणांनी काय केले? व्हॉट्सॅपवर स्वतःच्या फोटोच्या जागी पिळदार मिशा आणि मुकुट असलेले चित्र लावले. खाली शब्द होते: ‘मिस्टर दलित’.

या स्पर्धेला परीक्षक नव्हते, प्रायोजक नव्हते, दुसरा क्रमांकही नव्हता. मुकुट कोणी घालायची वाट न पाहता प्रत्येकाने तो स्वतःच घातला.

मित्रांनो, व्यायाम करा, कडक इस्त्रीचे कपडे घाला, मिशीला पीळ द्या. ते आपले हक्काचे आहे. पण मजुरीचे पैसे गोरेपणाच्या ट्यूबमध्ये घालू नका. आणि वस्तीतल्या सावळ्या पोराला ‘काळ्या’ म्हणून हाक मारणे आधी आपल्या कट्ट्यावर बंद करा. मनूची नजर टीव्हीतून येते तशी आपल्या तोंडूनही येते. टीव्ही बंद करायला एक बटण पुरते, तोंडाला मात्र शिस्त लावावी लागते.

जय भीम!