गोळीचा नेम आणि नळीचे माप



फौजेतून निवृत्त होऊन गावी शेती करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, ‘अमेरिकेतले लोक जुन्या लष्करी रायफलींसाठी शिशाच्या गोळ्या घरीच ओततात, असे ऐकतो. त्या नेमावर लागतात का?’ उत्तर असे, की लागतात. मात्र मापाची शिस्त पाळली तरच.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अनेक देशांनी जुन्या रायफली विकून टाकल्या. ब्रिटनची ली-एनफिल्ड, जर्मनीची माउझर अशा रायफली अमेरिकेत स्वस्तात मिळू लागल्या. १९६८ चा कायदा येईपर्यंत त्या टपालानेही मागवता येत. यातली ली-एनफिल्ड म्हणजेच आपली ‘थ्री नॉट थ्री’. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही ती तयार होई, आणि पोलीस ठाण्यात किंवा एन.सी.सी.च्या कवायतीत ती पुष्कळांनी हाताळली असेल. कारखान्याचे काडतूस महाग पडते, म्हणून तिकडचे हौशी नेमबाज कागदी निशाणावर मारण्यासाठी गोळ्या घरी ओततात.

नवख्याची चूक होते ती आकड्यावर विसंबल्याने. ०.३०३ इंच हे नळीतील उंचवट्यांमधले अंतर आहे. आट्यांच्या खाचांपर्यंत मोजले तर ते सुमारे ०.३१२ इंच भरते. युद्धाच्या घाईत बनलेल्या किंवा झिजलेल्या नळ्यांत ते ०.३१५ च्याही पुढे जाते. अशा नळीत गोळी सैल बसली की मागचा तप्त वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, गोळीची कड वितळते, नळीला शिसे चिकटते आणि नेम भरकटतो. मग मंडळी आणखी कठीण धातू वापरतात. पण सैल गोळी कितीही कठीण केली तरी ती सैलच राहते.

म्हणून जाणकार आधी नळी स्वच्छ करतात. मग मऊ शिशाचा तुकडा तेल लावलेल्या नळीतून ठोकत बाहेर काढतात आणि त्यावर उमटलेला ठसा मायक्रोमीटरने मोजतात. गोळी त्या मापाहून इंचाचा एक ते दोन हजारावा भाग मोठी ठेवतात. शुद्ध शिसे फार मऊ असल्याने त्यात अँटिमनी आणि थोडे कथील मिसळतात. छापखान्यातले जुने खिळेही याच तीन धातूंचे असत.

सुरकुतलेली किंवा बुडाची कड बोथट असलेली गोळी पुन्हा वितळवतात, कारण बूड सरळ नसेल तर गोळी वाकडी जाते. उरलेल्या गोळ्या वजन करून निवडतात. त्यांना मधमाश्यांचे मेण मिसळलेले वंगण लावतात आणि बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवतात. वेगही कमी ठेवतात. कारखान्याची गोळी सेकंदाला सुमारे २,४४० फूट जाते, तर ओतलेली गोळी बहुधा १,६०० ते १,८०० फुटांवर चांगली लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दहा गोळ्या झाडायच्या आणि वहीत नोंद करायची, असा त्यांचा नेम असतो.

आपल्याकडे मात्र हा उद्योग करू नये. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनविणे गुन्हा आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, पण रानडुकराचा बंदोबस्त करण्यास वनखात्याची परवानगी लागतेच.

धोका शिशाचाही आहे आणि तो आपल्या घरात आधीच आलेला असू शकतो. कोणी मासेमारीच्या जाळ्यासाठी शिशाची वजने ओततो, कोणी जुन्या बॅटरीतले शिसे वितळवतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात पाण्याचा थेंब पडला तर धातू उसळून अंगावर येतो. त्याची धूळ हाताला, कपड्याला लागून लेकरांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीला बाधा करते. लहान मुलांसाठी शिशाचे सुरक्षित असे प्रमाण माहीत नाही. म्हणून स्वयंपाकाची चूल आणि भांडी शिशासाठी कधीही वापरू नका. बॅटरी फोडू नका, ती दुकानदाराला परत द्या.

घेण्यासारखी आहे ती त्या नेमबाजांची मोजण्याची सवय. फवारणी पंपाच्या नोझलवर छापलेला आकडा नव्या नोझलचा असतो. झिजलेले नोझल जास्त औषध सोडते. पैसा वाया जातो आणि पीकही होरपळते. या हंगामात पंपात साधे पाणी भरा, एक मिनिट फवारा बादलीत धरा आणि मापाने मोजा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी आले तर नोझल बदला. औषधाचा हिशेब त्यानंतर करा.